माजानंतरचे दोन महिने: कुत्रीच्या गर्भाशयातील पू कसा ओळखावा आणि उपचार कसे करून घ्यावेत

नसबंदी न केलेली मादी घरात असेल, तर दोन गोष्टींची नोंद ठेवावी: ती माजावर कधी आली आणि दिवसाला साधारण किती पाणी पिते. गर्भाशयात पू होण्याच्या आजाराला दवाखान्यात ‘पायोमेट्रा’ म्हणतात आणि बोलताना ‘पिशवीत पू झाला’ असे म्हटले जाते. या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा त्याचा संशय वेळेवर येतो. स्राव दिसेपर्यंत थांबणाऱ्या मालकांना मात्र दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो, कारण या आजाराच्या सर्वांत धोकादायक प्रकारात बाहेर काहीही दिसत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो आहे. मखमलाबाद रस्त्यावरच्या आमच्या घरी आठ वर्षांची, २६ किलो वजनाची लॅब्रॅडॉर मादी होती. होळीच्या सुमारास ती माजावर येऊन गेली आणि एप्रिलच्या अखेरीस तिने पोळी खाणे सोडले. पाणी मात्र ती भांड्याचा तळ चाटेपर्यंत पीत होती. नाशिकमध्ये मार्च उजाडला की उन्हाचा कडाका सुरू होतो, त्यामुळे आम्ही सर्वांनी त्याचा दोष उन्हाळ्याला दिला. ज्या दवाखान्यात प्रथम नेले तिथे ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन आम्हाला परत पाठवण्यात आले. शेवटचा माज कधी झाला, हे ना कोणी विचारले, ना आम्ही सांगितले. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी ती जिथे बसली होती त्या शहाबादी फरशीवर चहाच्या रंगाचा, शिळ्या रक्तासारखा उग्र वास येणारा एक डाग उरला, तेव्हा आम्ही दुसरीकडे गेलो. ती वाचली, पण त्या चार दिवसांची किंमत तिच्या मूत्रपिंडांनी मोजली आणि ती पूर्ववत व्हायला महिना लागला.

आजार कसा घडतो

ओळखण्याच्या खुणा या घडणीतूनच निघतात, म्हणून ती थोडी समजून घ्यावी. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. काही जातींमध्ये आणि काही माद्यांमध्ये हे अंतर कमी-जास्त असते. बीज सुटल्यानंतर तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढते आणि सुमारे दोन महिने वाढलेलेच राहते. नराशी संबंध आला असो वा नसो, गर्भ राहिला असो वा नसो, हे घडतेच. या काळात गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यातील ग्रंथी द्रव सोडू लागतात, गर्भाशयाचे आकुंचन मंदावते, त्याचे तोंड मिटते आणि आतली प्रतिकारशक्ती दबते. गर्भ वाढवण्यासाठी केलेली ही सगळी तयारी जंतूंच्याही सोयीची ठरते. माजाच्या दिवसांत तोंड उघडे असताना आत शिरलेले जंतू, बहुतेक वेळा आतड्यातच राहणारा ई-कोलाय, या उबदार आणि बंद जागेत वाढत जातात.

कुत्र्यांमध्ये माणसासारखी पाळी जात नाही. म्हातारी मादीसुद्धा माजावर येत राहते आणि प्रत्येक फेरीत अस्तर आणखी बिघडते, म्हणून सहा-सात वर्षांनंतर हा आजार अधिक दिसतो. स्वीडनमध्ये नसबंदीची प्रथा कमी आणि विमा उतरवण्याची प्रथा जास्त आहे. तेथील विमा नोंदींवरून दहा वर्षांच्या वयापर्यंत साधारण चार ते पाच माद्यांमागे एकीला हा आजार होतो असे दिसून आले आहे. आठ-नऊ वर्षे काही झाले नाही म्हणजे पुढेही होणार नाही, हा हिशेब त्यामुळे उलटा आहे. तरुण मादीही यातून सुटत नाही. विशेषतः माज टाळण्यासाठी किंवा नको असलेला गर्भ पाडण्यासाठी जिला संप्रेरकांची इंजेक्शने दिली गेली आहेत, तिला दोन-तीन वर्षांच्या वयातही पू होऊ शकतो. अशी इंजेक्शने ‘सोपा उपाय’ म्हणून सुचवली जातात. माझे मत विचाराल तर ती घेऊ नयेत.

पाणी जास्त पिण्याचे कारणही इथेच आहे. ई-कोलायचे विष मूत्रपिंडाच्या लघवी घट्ट करण्याच्या क्षमतेवर आघात करते. मग पातळ लघवी भरपूर होते आणि ती भरून काढण्यासाठी मादी सतत पाणी पिते. म्हणूनच तिचे पाणी कधीही तोडू नये. ‘घरात लघवी करते, म्हणून रात्री भांडे उचलून ठेवतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आजारी मादीच्या बाबतीत हा उपाय तिला कोरडी पाडणारा आहे.

पहिली पायरी: घरी काय पाहावे

प्रथम दिनदर्शिका पाहावी. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला धरून, तेव्हापासून साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या आत मादी सुस्त झाली, खाईनाशी झाली, उलट्या करू लागली किंवा पाणी जास्त पिऊ लागली, तर सोनोग्राफीने तसे नसल्याचे दाखवेपर्यंत गर्भाशयाचा संशय धरावा. आमच्याकडे आता माजाचा पहिला दिवस स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारीच लिहिलेला असतो.

त्यानंतर पाणी मोजावे. सकाळी भांडे रिकामे करून एक लिटरच्या बाटलीने भरावे आणि चोवीस तासांत किती बाटल्या लागल्या ते पाहावे. निरोगी कुत्रे दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ४० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. कोरडे खाद्य खाणारे थोडे जास्त पिते आणि उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते. मात्र दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर आकडा गेला, तर त्याचा दोष उन्हाला देऊ नये. आमची मादी २६ किलोची होती, म्हणजे तिची मर्यादा २.६ लिटर. मोजायला सुरुवात केली त्या दिवशी तिने साडेतीन लिटर पाणी प्यायले होते.

तिसरी गोष्ट तापमान. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात दोन सेंटिमीटर अलगद धरावे, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या माणसाने तिचे डोके कवेत घ्यावे. कुत्र्याचे सामान्य तापमान १०० ते १०२.५ फॅरनहाइट असते. त्यामुळे आपल्याकडे ज्या १०१ ला ताप म्हणतात, तो तिच्यासाठी ताप नाही. १०३ च्या वर गेल्यास ताप समजावा. पण ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण या आजारात अनेक माद्यांना ताप नसतोच. शिवाय मलूल पडलेल्या मादीचे तापमान ९९ च्या खाली गेले असेल, तर ते तापापेक्षाही वाईट चिन्ह आहे.

शेवटी शेपटीखाली पाहावे. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल, तर पिवळसर, हिरवट, चॉकलेटी किंवा रक्तमिश्रित, चिकट आणि दुर्गंधीयुक्त स्राव येतो. मादी तो चाटून साफ करत असल्यामुळे फरशीवर डाग पडेलच असे नाही. म्हणून मागच्या पायांचे केस, शेपटीची खालची बाजू आणि ती झोपते ते गोणपाट तपासावे. तोंड बंद असेल, तर पू आतच साठत जातो, पोट फुगते आणि मादी झपाट्याने खालावते. हा प्रकार अधिक घातक आहे, कारण विष रक्तात भिनते आणि क्वचित गर्भाशय फुटून पू पोटात पसरतो. पोट फुगलेले वाटले तरी ते दाबून पाहू नये. तपासणीचे ते काम डॉक्टरांवर सोडावे.

दुसरी पायरी: ज्यांच्याशी गल्लत होते ते आजार

माजानंतरच्या याच कालावधीत गाभण मादीचेही पोट वाढते. गर्भधारणा सुमारे ६३ दिवसांची असते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात, त्यामुळे हा प्रश्न यंत्रावर पाच मिनिटांत सुटतो. गाभण मादी सहसा आनंदी असते आणि खातेही. मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार हेही तहान वाढवतात. रक्त आणि लघवीच्या तपासणीत ते वेगळे काढता येतात.

नाशिकमध्ये आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे द्राक्षे. जानेवारी ते एप्रिल या हंगामात दिंडोरी, निफाडकडच्या मळ्यांत राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला नेलेल्या कुत्र्यांच्या तोंडी गळालेले मणी आणि बेदाणे सहज लागतात. द्राक्षे व बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना विषारी ठरू शकतात आणि त्यातही उलट्या, सुस्ती आणि तहान हीच लक्षणे दिसतात. तसे काही खाल्ल्याचा संशय असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण त्याचा उपचार वेगळा आहे आणि तोही तातडीचा आहे. दुसरी म्हणजे गोचीड. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात प्लेटलेट कमी होतात आणि ऑपरेशनच्या टेबलावर रक्तस्राव वाढण्याची भीती असते. म्हणून अंगावर गोचिडी असतील किंवा अलीकडे होत्या, तर प्लेटलेटचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रस्त्यावरील कुत्र्यांमध्ये, आणि त्यांच्याशी संबंध आलेल्या पाळीव माद्यांमध्येही, योनीमार्गात फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ होऊन महिनोन्‌महिने रक्त ठिबकत राहते. हा संबंधातून पसरणारा ट्यूमर आहे आणि तो बहुधा व्हिन्क्रिस्टिन या औषधाच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी बरा होतो. ती मादी सहसा खाते-पिते आणि पळतेसुद्धा. पायोमेट्रा झालेली मादी तशी राहत नाही.

तिसरी पायरी: दवाखान्यात

घरून निघण्यापूर्वी फोन करून दोनच प्रश्न विचारावेत: सोनोग्राफी तिथेच होते का, आणि गरज पडल्यास त्याच दिवशी पोटाचे ऑपरेशन करता येईल का. शहरातील प्रत्येक दवाखान्यात या दोन्ही सोयी असतात असे नाही, आणि रविवारी दुपारी हे शोधत कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत फिरणे फार जड जाते. म्हणून हे प्रश्न मादी निरोगी असतानाच विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. निघताना तिला काही खायला घालू नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. तिला रिक्षात किंवा गाडीत ठेवताना पोटाखाली हात घालून उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या मांड्यांमागे घ्यावा.

डॉक्टरांसमोर बसताच पहिले वाक्य माजाचे असावे: ‘अमुक तारखेला माजावर आली होती, नसबंदी झालेली नाही, इतके पाणी पिते.’ या एका वाक्याने तपासणीची दिशा ठरते. त्यानंतर सोनोग्राफीत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांच्या, म्हणजे त्याच्या दोन नळीसारख्या शाखांच्या, जागी पडद्यावर काळ्या, फुगीर, सॉसेजसारख्या पिशव्या दिसतात. रक्तात पांढऱ्या पेशी बहुधा बऱ्याच वाढलेल्या असतात, पण अतिगंभीर अवस्थेत त्या कमीही झालेल्या असू शकतात. क्रिएटिनिन आणि युरिया यांवरून मूत्रपिंडांचा अंदाज येतो. हे अहवाल हातात घेऊन घरी जावे आणि ‘उद्या पाहू’ असे ठरवावे, असा हा आजार नाही.

चौथी पायरी: उपचार

खात्रीचा उपचार म्हणजे दोन्ही अंडाशयांसह गर्भाशय काढून टाकणे. त्याआधी काही तास शिरेतून सलाईन आणि व्यापक परिणाम करणारी प्रतिजैविके देऊन मादीला भूल सहन करण्याइतपत सावरले जाते. सावरण्यासाठी तासांचा वेळ घेणे योग्य आहे, दिवसांचा नाही. आतला पू तसाच ठेवून मादी पूर्ण सावरेल अशी अपेक्षा करता येत नाही. वेळेवर ऑपरेशन झालेल्या बहुसंख्य माद्या वाचतात. गर्भाशय आधीच फुटलेले असेल किंवा विष रक्तात पसरले असेल, तर धोका बराच वाढतो.

आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर स्टीलच्या ट्रेमध्ये ते गर्भाशय दाखवले. एरवी पेन्सिलएवढी बारीक असणारी दोन्ही शिंगे माझ्या मनगटाएवढी जाड, तणलेली आणि जांभळट झाली होती, आणि ट्रे एका हाताने उचलताना जड लागत होता. हे सर्व चार दिवसांपूर्वीही तिच्या पोटात होते, आणि आम्ही तिला ॲसिडिटीचे औषध देत होतो.

‘फक्त गोळ्यांनी भागणार नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. नुसत्या प्रतिजैविकांनी ताप उतरतो, मादी दोन दिवस खाते आणि मग पुन्हा कोसळते, कारण गोळी पू बाहेर काढत नाही आणि संप्रेरकाचा प्रभावही घालवत नाही. ऑपरेशनशिवायचा जो खरा उपचार आहे, तो वेगळा आहे. त्यात ॲग्लेप्रिस्टोनसारख्या औषधाने प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखून किंवा प्रोस्टाग्लँडिनने गर्भाशय आकुंचित करून पू बाहेर काढला जातो, जोडीला प्रतिजैविके दिली जातात आणि वारंवार सोनोग्राफी करावी लागते. तो केवळ तरुण, पिल्ले हवी असलेल्या, तोंड उघडे असलेल्या आणि एरवी स्थिर प्रकृतीच्या मादीसाठी आहे. तोंड बंद असताना प्रोस्टाग्लँडिन दिल्यास गर्भाशय फुटू शकते. इंजेक्शननंतर धाप, लाळ आणि उलट्या होतात. हे औषध गरोदर स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी हाताळू नये. बरी झालेली मादी पुढच्या माजातच गाभण करावी लागते, आणि तरीही आजार पुन्हा होण्याची शक्यता राहतेच. घरातील आठ वर्षांच्या मादीसाठी हा मार्ग मी कधीही सुचवणार नाही.

घरातील माणसांच्या औषधांना हात लावू नये. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला अपायकारक आहेत, आणि मूत्रपिंडे आधीच ताणलेल्या मादीत आयब्युप्रोफेनचा परिणाम फार घातक होतो. दुखणे कमी करण्याचे औषध डॉक्टरांनी ठरवलेलेच द्यावे.

ऑपरेशननंतर

मादी शुद्धीवर आल्यावर तिला गार फरशीवर न ठेवता जुन्या चादरीवर ठेवावे. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत तर गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून तिच्याजवळ ठेवावी. पहिल्या दिवशी थोडे थोडे, मऊ अन्न द्यावे. मीठ-मसाला न घातलेला भात आणि उकडलेली कोंबडी बहुतेक माद्या खातात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात आणि तोपर्यंत गळ्यातली शंकूच्या आकाराची कॉलर काढू नये. ती कॉलर पाहून घरच्यांना दया येते, पण चाटून टाके उघडलेल्या मादीला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते. जिने चढणे, सोफ्यावर उड्या मारणे आणि मोकळे धावणे बंद ठेवावे. लघवी-शीसाठी पट्टा लावूनच न्यावे.

प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करावा. हिरड्या पांढुरक्या पडणे, पोट फुगणे, जखमेतून स्राव येणे, पुन्हा उलट्या सुरू होणे किंवा बारा तासांत लघवीच न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच फोन करावा. आठ-दहा दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्यावे आणि तोपर्यंत पाण्याचे मोजमाप चालू ठेवावे. पाणी हळूहळू पूर्वीच्या आकड्यावर येणे, ही मूत्रपिंडे सावरल्याची घरी पाहता येण्याजोगी खूण आहे.

व्यायल्यानंतरचा संसर्ग

पिल्ले झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात होणारा गर्भाशयाचा संसर्ग हा वेगळा प्रकार आहे. वार आत अडकणे, पिल्लू आत मरणे किंवा बाळंतपण लांबणे ही त्याची कारणे असतात. व्यायल्यानंतर सुरुवातीला हिरवट-काळपट आणि मग काही आठवडे हळूहळू कमी होत जाणारा तांबूस-तपकिरी स्राव येणे स्वाभाविक आहे, पण त्याला दुर्गंधी नसते. स्रावाला घाण वास आला, मादीला ताप भरला आणि तिने पिल्लांकडे दुर्लक्ष केले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिल्लांनाही सोबत न्यावे, कारण त्यांना दर दोन-तीन तासांनी बाहेरून दूध द्यावे लागू शकते आणि ते कोणते व किती द्यायचे हे तिथेच विचारून घेता येते.

आजार टाळण्यासाठी

नियोजित नसबंदी हा खात्रीचा उपाय आहे. ती माज संपल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, गर्भाशय शांत असताना करावी. माजाच्या दिवसांत त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून ते दिवस टाळावेत. मोठ्या जातीच्या मादीची वाढ पूर्ण होऊ द्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या, मग तब्येत चांगली राहते’ या समजुतीला आधार नाही. एकदा व्यायलेल्या मादीलाही प्रत्येक माजानंतर याच दोन महिन्यांतून जावे लागते.

क्वचित नसबंदी झालेल्या मादीलाही असा त्रास होतो. अंडाशयाचा तुकडा आत राहिला असेल, तर ती पुन्हा माजावर येते आणि गर्भाशयाच्या उरलेल्या टोकात पू होऊ शकतो. गल्लीतल्या मादीला आपण खाऊ घालत असाल, तर तिचा कान पाहावा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला खाच पाडून खूण करतात. कानाला खाच असूनही तिच्या शेपटीखाली स्राव दिसला, तर बहुधा ती संबंधातून होणारी गाठ असते. कानाला खाच नसेल आणि ती नळाखालच्या डबक्यापासून हलत नसेल, तर तिला उचलून दवाखान्यात न्यावे.